दुधाचे दात आणि दंतवैद्याची पहिली भेट

रात्रीचे दोन वाजलेले असतात. पाच वर्षांचे मूल गालावर हात धरून रडत उठते. आई लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेवर ठेवते, आजी मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरायला लावते, वडील कपाटातले एखादे वेदनाशामक औषध शोधून काढतात आणि कशीबशी सकाळ होते. झोपमोड झालेल्या, उपाशी, गाल सुजलेल्या त्या मुलाला मग दंतवैद्याकडे नेण्यात येते. वाटेत त्याला सांगितले जाते, की आपण बागेत चाललो आहोत. दवाखान्याच्या दारातच औषधांचा वास येतो, आत चकाकणारी हत्यारे दिसतात आणि आपल्याला फसवले आहे हे मूल क्षणात ओळखते. त्याचे तोंड घट्ट मिटते. मग दोघांनी हात धरायचे, एकाने डोके धरायचे आणि दाढ काढायची, असा प्रसंग ओढवतो.

आपल्या देशातील असंख्य मुलांची दंतवैद्याशी पहिली ओळख ही अशी होते. दाढ निघून जाते, ठणका थांबतो, घरातली माणसे सुटकेचा श्वास टाकतात. परंतु मुलाच्या मनात त्या दिवशी बसलेली भीती निघून जात नाही. हेच मूल मोठे झाल्यावर दात दुखू लागला तरी महिनोन् महिने अंगावर काढते आणि पुढे आपल्या मुलांनाही तीच भीती देते. म्हणून मुलाला दंतवैद्याकडे केव्हा न्यावे, तेथे काय घडेल अशी अपेक्षा ठेवावी आणि आईबापांनी स्वतः कसे वागावे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

या सगळ्या अनर्थाच्या मुळाशी एक जुना समज आहे. दुधाचे दात काय, पडायचेच असतात. त्यांची एवढी काळजी कशाला, असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन दात हिरडीतून डोकावतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सारे वीस दात येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या तोंडात राहावयाच्या असतात. पाचव्या वर्षी किडून काढावी लागलेली दाढ म्हणजे पुढची पाच-सहा वर्षे त्या जागी दाढच नाही. एवढ्या काळात मूल नीट चावणार कसे आणि चावले नाही तर त्याच्या अंगी लागणार काय?

दुधाचा दात आणखीही एक काम करतो. त्याच्या खाली हाडात पक्का दात तयार होत असतो आणि वरचा दात त्याची जागा धरून बसलेला असतो. दुधाची दाढ अवेळी गेली, की शेजारचे दात त्या पोकळीकडे सरकतात आणि पक्क्या दाताला वर येण्यास वाट उरत नाही. तो वाकडा येतो किंवा अडकून पडतो. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू साचला, तर खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताच्या अंकुरालाही त्याची झळ लागू शकते.

याहून मोठा घोटाळा होतो तो सहाव्या वर्षाच्या दाढेबाबत. ही पहिली पक्की दाढ दुधाच्या सर्व दाढांच्या मागे येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. आलीच लक्षात, तरी ती दुधाचीच समजली जाते. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकते, कीड लागते आणि जन्मभर पुरावयाची दाढ दहाव्या वर्षी निकामी होते. भारतात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. कीड ही केवळ श्रीमंतांच्या चॉकलेट खाणाऱ्या मुलांची व्याधी आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

कीड हा शब्द रूढ असला, तरी दातात अळी नसते. तोंडात नित्य राहणारे काही सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात आणि तिच्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कठीण आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, क्षार विरघळवते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेले क्षार काही अंशी परत आणून देते. दिवसभर बिस्किटे, गोळ्या, सरबते असे थोडे थोडे काही तोंडात चालू राहिले, तर लाळेला हे काम करण्यास उसंतच मिळत नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवणे किंवा चोखणी मधात बुडवून देणे दातांना अत्यंत घातक असते. अशा मुलांचे वरचे पुढचे चार दात दोन-अडीच वर्षांतच काळे पडून झिजलेले दिसतात. मधाच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, असे बालवैद्य सांगतात.

तेव्हा पहिली भेट केव्हा घ्यावी? बालदंतवैद्यकाचे आजचे मत असे आहे, की पहिला दात आल्यानंतर आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा दाखवून आणावे. हे ऐकून अनेकांना हसू येते. चार दात आलेल्या बाळाचे दंतवैद्य तपासणार तरी काय? परंतु या भेटीत तपासणीपेक्षा बोलणेच अधिक असते. वैद्य आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि अलगद मागे कलले, की त्याचे डोके वैद्याच्या मांडीवर येते. आईचा चेहरा बाळाला सतत दिसत राहतो. दोन-तीन मिनिटांत दात, हिरड्या, जीभ पाहून होते. त्या वेळी बाळ रडले तर बिघडत नाही. रडताना तोंड उघडते आणि वैद्याला ते बरेच वाटते. बाळ रात्री दूध कसे पिते, दात कोण पुसते, घरात कोणाचे दात फार किडलेले आहेत काय, पिण्याचे पाणी कोठले, असे प्रश्न विचारले जातात. यांतील एकही प्रश्न निरर्थक नसतो. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, यांसारखी शंकाही आईने येथे निःसंकोच विचारावी. दातांच्या क्रमात थोडाफार फरक पडणे स्वाभाविक आहे आणि त्याचा मामाच्या आयुष्याशी काही संबंध नाही, हे तिला वैद्याच्या तोंडून ऐकावयास मिळालेले बरे.

तीन वर्षांपुढील मुलाला नेताना पूर्वतयारी करावी. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. मूल झोपून उठलेले, ताजेतवाने असावे आणि त्याने हलके काही खाल्लेले असावे. मुलाला हृदयाचा विकार, दमा, आकडी किंवा रक्त लवकर न थांबण्याची तक्रार असेल, एखादे औषध सोसत नसेल, तर ते वैद्याला आरंभीच सांगावे. चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. दाताशी या गोष्टींचा काय संबंध, असे म्हणून त्या लपवू नयेत.

सर्वांत अवघड तयारी असते ती शब्दांची. 'मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य पुष्कळ घरांत रोज उच्चारले जाते. ज्याच्या नावाने वर्षभर धाक घातला, त्याच्यापुढे मुलाने एके दिवशी आनंदाने तोंड उघडावे अशी अपेक्षा कशी धरता येईल? 'मुळीच दुखणार नाही' हे आश्वासनही उपयोगाचे नाही. जे मूल दुखण्याचा विचारही करीत नव्हते, त्याच्या मनात तो या वाक्याने येतो. आणि थोडेसे जरी दुखले, तरी आईचा शब्द खोटा ठरतो. 'डॉक्टर तुझे दात मोजतील, आरशातून पाहतील, काय करायचे ते तुला आधी सांगतील' एवढे सांगणे पुरेसे आणि खरे असते. रडला नाहीस तर चॉकलेट देईन, असे आमिष तर दंतवैद्याच्या दारात विसंगतच दिसते. ज्या आईबापांना स्वतःलाच दंतवैद्याची भीती वाटते, त्यांनी आपल्या दाढा काढल्याच्या कथा मुलासमोर सांगू नयेत. आणि घरात कोणी अधिक शांत माणूस असेल, तर मुलाबरोबर त्याला पाठवावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मूल शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू बोलत असेल. पण भ्यालेले मूल घरच्या भाषेतच रडते. 'ठणकते', 'शिवशिवते', 'सळ येते' हे शब्द त्याच्याजवळ असतात आणि वैद्याजवळ नसतात. आईने हे शब्द वैद्याला आधी समजावून द्यावेत आणि वैद्याचे सांगणे मुलाला त्याच्या शब्दांत, त्यात भर न घालता, पोहोचवावे. ठणका आणि सळ यांतील भेद रोगनिदानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो. गार पाण्याने क्षणभर सळ येणे ही एक अवस्था; रात्री आपोआप ठणका लागणे ही त्याच्या पुष्कळ पुढची.

मुलांच्या दंतवैद्याची कामाची रीत मोठ्यांच्या दंतवैद्याहून वेगळी असते. १९५९ मध्ये अॅडल्स्टन या अमेरिकी दंतवैद्याने मांडलेले एक सूत्र आज सर्वत्र पाळले जाते: आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. दात घासण्याचे फिरते यंत्र प्रथम मुलाच्या नखावर फिरवून दाखवतात. लाळ ओढणारी नळी पेल्यातले पाणी ओढताना दाखवतात. खुर्ची वर-खाली करून दाखवतात. आणि त्यानंतरच तोंडात काही घालतात. प्रथमच आलेल्या मुलाला तातडीचे दुखणे नसेल, तर त्या दिवशी दात मोजून, फार तर साफ करून, घरी पाठवतात. एवढ्या कामासाठी रजा काढून आलो काय, असे वडिलांना वाटते. परंतु भीतीवाचून खुर्चीत बसलेले मूल ही त्या दिवसाची खरी कमाई असते.

या वेळी आईबापांनी जवळ असावे, पण गप्प असावे. एकीकडे वैद्य काही सांगत आहेत, दुसरीकडे आई 'तोंड उघड' म्हणते आहे आणि वडील दरडावत आहेत, अशा वेळी मुलाने कोणाचे ऐकावे? काही वेळा वैद्य पालकांना थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगतात. त्याचे कारण विचारावे आणि पटले तर मान्य करावे. मुलाला धरून ठेवण्याची किंवा झोपेचे औषध देऊन काम करण्याची पाळी आली, तर त्यापूर्वी पालकांना सर्व समजावून सांगून त्यांची संमती घेतलीच पाहिजे. ती विचारून न देण्याचा अधिकारही पालकांना आहे.

उपचारांपैकी काहींची माहिती आधी असली, तर तेथे गोंधळ उडत नाही. दोन दाढांमधील कीड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून कधी क्ष-किरणचित्र घ्यावे लागते. त्यातील किरणांचे प्रमाण अत्यल्प असते आणि गरज असेल तरच ते घेतात. सहाव्या वर्षाच्या दाढेच्या खाचा एका पातळ लेपाने बुजवतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही आणि दुखतही नाही. दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात. अगदी लहान, बसून न राहणाऱ्या मुलांच्या दातांची कीड थोपवण्यासाठी चांदीचे संयुग असलेले एक द्रव औषध लावण्याची सोय आहे. त्याने कीड पुष्कळदा थांबते, परंतु किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी कळले नाही, तर आई घाबरते. कीड खोल गेली असेल, तर दाढेतील बिघडलेला गर काढून आत औषध भरतात आणि वर पोलादी टोपी बसवतात. दुधाच्या दाढेवर टोपीचा खर्च कशाला, या प्रश्नाचे उत्तर वर आलेच आहे. दाढ काढणे अटळच झाले, तर मोकळी जागा राखून ठेवणारी तारेची पट्टी बसवावी काय, हे पालकांनी आपण होऊन विचारावे.

सुई द्यावयाची वेळ आली, तर बधिर करणारे मलम हिरडीवर आधी लावतात. तरीही मुंगी चावल्यासारखे किंचित टोचते आणि ते मुलाला तसेच सांगावे. नंतर दोन-तीन तास ओठ जड राहतो. त्याची गंमत वाटून मुले तो चावत बसतात आणि संध्याकाळपर्यंत ओठ सुजून येतो. म्हणून बधिरता उतरेपर्यंत मुलाला चावून खाण्याचे काही देऊ नये आणि त्याच्यावर लक्ष ठेवावे.

कोणाकडे जावे, हाही प्रश्न आहे. डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास भारतातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले आणि १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला. त्या कायद्याने सुरू झालेली नोंदणीची पद्धत आजही आहे, आणि आपला वैद्य पदवीधर व नोंदणीकृत आहे काय हे विचारण्यात कसलाही अपमान नाही. रस्त्याच्या कडेला बसून दात उपटणाऱ्याच्या हाती मुलाला कधीही देऊ नये. बालदंतवैद्य हा पदवीनंतर आणखी तीन वर्षे या एकाच विषयाचे शिक्षण घेतलेला असतो. असा तज्ज्ञ प्रत्येक गावात नसतो; परंतु दंतमहाविद्यालयांतून मुलांचा स्वतंत्र विभाग असतो आणि शासकीय महाविद्यालयांत खर्चही माफक असतो. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शासकीय शाळांत मुलांची जी तपासणी होते, तिच्यात दातांचाही समावेश आहे. त्या पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नये.

परंतु वर्षातून दोनदा घडणाऱ्या भेटीपेक्षा रोज घरी घडणारे काम मोठे. पहिला दात आला, की तो सकाळ-रात्र घासावयास लागावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. जाहिरातीतील ब्रशभर पेस्ट मुलाला नको. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुलाच्या हाताला तेवढी सफाई नसते, म्हणून त्याने घासून झाल्यावर मोठ्यांनी एकवार हात फिरवावा. राख, विटेची भुकटी यांनी दंतवल्क झिजते. मिश्री तर तंबाखूच. घरातील वडीलधारी स्त्री ती लावीत असली, तरी तिचे बोट मुलाच्या दाताला लागू नये. पाण्यात मुळातच फ्लोराइड अधिक असलेले प्रदेश देशात आहेत. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील अशा रोगाची नोंद झाली. तेलंगणातील नालगोंडा जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांनाही तो त्रास आहे. तेथील मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा गावांसाठी पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने बसवली आणि तिला 'नालगोंडा पद्धत' हेच नाव पडले. अशा भागातील पालकांनी पेस्ट कोणती वापरावी, हे वैद्याला विचारूनच ठरवावे.

एक प्रसंग मात्र वेळ ठरवून येत नाही. खेळताना पडून मुलाचा पक्का दात समूळ बाहेर आला, तर तो टाकून देऊ नये. दाताचा वरचा, पांढरा भाग धरून तो उचलावा; मुळाला हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल, तर पाण्याखाली क्षणभर धरावा आणि जमल्यास त्याच खोबणीत बसवावा. ते न जमल्यास गार दुधाच्या पेल्यात ठेवून तडक दंतवैद्याकडे जावे. अर्ध्या-एक तासात पोहोचल्यास तो दात पुन्हा रुजण्याची आशा असते. दुधाचा दात मात्र परत बसवावयाचा नसतो. तसे केल्यास खालच्या अंकुराला इजा होते. अशा वेळी ज्या मुलाला दंतवैद्य पूर्वीपासून ठाऊक असतो, ते रक्ताने माखलेल्या तोंडानेही खुर्चीत बसते. ज्याला तो ठाऊक नसतो, त्याला शांत करण्यातच तो मोलाचा अर्धा तास निघून जातो.

दुधाचा दात पडला, की तो कौलांवर फेकावा किंवा उंदराच्या बिळात टाकावा, असा रिवाज आपल्या घराघरांत होता. आता घरांना कौले राहिली नाहीत. पण हातात दात घेऊन अंगणभर नाचणारे मूल अजून तसेच आहे. तो दात आपल्या वेळी, आपल्या आपण, कीड न लागता पडावा, एवढ्यासाठीच ही सारी खटपट. आणि त्या मुलाला दंतवैद्याकडे नेताना, आपण कोठे चाललो आहोत हे त्याला घरातून निघतानाच खरे सांगितलेले असावे.